दहा उन्हाळे काढणारा गेमिंग पीसी

संगणकाच्या सुट्या भागांची परीक्षणं जिथे होतात, तिथे खोलीचं तापमान वीस-बावीस अंश सेल्सिअसच्या आसपास राखलेलं असतं. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४०-४२ अंशांवर असतो, आणि वरच्या मजल्यावरची, दिवसभर तापलेल्या स्लॅबखालची खोली रात्री दहालाही पस्तिशीच्या खाली यायला तयार नसते. गेम खेळायची वेळ नेमकी तीच. पंख्यांवर चालणारा कुठलाही संगणक खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. त्याच्या आतली उष्णता खोलीच्या तापमानावर चढवूनच मोजावी लागते. परीक्षणात जे ग्राफिक्स कार्ड ६५ अंशांवर सुखाने चालताना दिसतं, ते आपल्याकडे मेमध्ये ८० च्या घरात जाणार. कार्ड तेच, कंपनी तीच, फरक गावाचा.

मॉनिटर सोडून साधारण ८० हजार ते सव्वा लाखात जुळवलेला पीसी आपल्याकडे मध्यम किमतीचा समजला जातो. एवढे पैसे घातलेल्या घरात पाच वर्षांनी पुन्हा तेवढीच रक्कम निघेल याची खात्री नसते. म्हणून दुकानात मुलाबरोबर आलेले वडील आधी विचारतात, ‘टिकेल ना?’ उत्तरादाखल बहुधा ग्राफिक्स कार्डाचं नाव सांगितलं जातं. कार्ड महत्त्वाचं आहेच, पण टिकण्याच्या हिशोबात त्याचा नंबर बराच खाली लागतो.

संगणक दोन तऱ्हांनी म्हातारा होतो. एक तर तो झिजतो. नाही तर तो आहे तसाच धडधाकट राहतो आणि गेमच पुढे निघून जातात. या दोन्हींची कारणं वेगळी, त्यामुळे खरेदीचे निकषही वेगळे. दुकानात मात्र सगळी चर्चा दुसऱ्या म्हातारपणाची होते आणि आपल्याकडच्या हवेत पहिलं आधी गाठतं.

नवलाची गोष्ट अशी की संगणकात जे सर्वांत गुंतागुंतीचं आहे ते सहसा मरत नाही. आजच्या मध्यम किमतीच्या ग्राफिक्स कार्डाच्या चिपवर, टपालाच्या तिकिटापेक्षा लहान जागेत, वीस अब्जांच्या आसपास ट्रान्झिस्टर असतात. ते वर्षानुवर्षं सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करत राहतात. याला अपवाद आहेत: इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज ओढून अस्थिर होऊ लागले, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीला मायक्रोकोड दुरुस्त करावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. त्याची जगभर बातमी झाली, कारण असं क्वचितच होतं. बंद पडलेले पीसी दुरुस्तीला येतात ते बहुतेक वेळा दहा-वीस रुपयांच्या कपॅसिटरपायी, सुकलेल्या पंख्यापायी किंवा सैल झालेल्या कनेक्टरपायी.

हा कपॅसिटर जरा जवळून पाहण्यासारखा आहे. ॲल्युमिनियमचा छोटा डबा, आत गुंडाळलेल्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ओलसर इलेक्ट्रोलाइट. हा ओलावा उष्णतेने हळूहळू उडून जातो आणि त्याबरोबर कपॅसिटरची ताकदही जाते. त्याच्या अंगावर ८५ अंश किंवा १०५ अंश असं छापलेलं असतं. त्या तापमानाला तो ठरावीक तास टिकेल अशी हमी असते. अभियंत्यांचा ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर ७५ अंशांना १६,००० तास चालेल, ६५ अंशांना ३२,००० तास. रोज चार तास खेळणाऱ्याला १६,००० तास म्हणजे जवळपास अकरा वर्षं. तोच कपॅसिटर ८५ अंशांवर शेकत राहिला तर साडेपाच. ८५ अंशांचाच स्वस्त कपॅसिटर त्या जागी लावला असेल तर दोन वर्षंही पुरी होत नाहीत. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर गेले, आणि फुगलेल्या टोप्यांचे, तपकिरी डाग पडलेले बोर्ड कारागिरांनी ढिगाने पाहिले. त्यानंतर चांगल्या बोर्डांवर प्रोसेसरभोवती घन पॉलिमरचे कपॅसिटर आले. पण पॉवर सप्लायमध्ये, ज्याला बाजारात सगळे एसएमपीएस म्हणतात, त्यात ओला कपॅसिटर अजून आहेच.

म्हणून यादी करायची तर माझ्या मते ती एसएमपीएसपासून करावी. हे उलटं वाटेल, कारण गेममध्ये त्याने एकही फ्रेम वाढत नाही. पण बाकीचा प्रत्येक भाग त्याच्याच हातून जेवतो. हिशोब करू. आजचं मधल्या फळीतलं कार्ड, समजा आरटीएक्स ५०६० टीआय, १८० वॅट घेतं. रायझन ५ ७६०० सारखा सहा कोरचा प्रोसेसर भरात असताना ९० च्या आसपास. बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी यांचे साठ धरा. एकूण ३३० वॅट. मग साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस कशाला, असं कुणीही विचारेल. एक कारण कार्यक्षमतेचं: ८० प्लस गोल्ड दर्जाचा एसएमपीएस निम्म्या भारावर ९० टक्क्यांच्या वर काम करतो, म्हणजे वाया जाणारी आणि त्याच डब्यात उष्णता होऊन बसणारी वीज कमी. पण मराठवाड्यातल्या माणसाला पटावं असं कारण वेगळंच आहे.

लाईट जाते तेव्हा इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत मध्ये काही मिलिसेकंद रिकामे जातात. तेवढा वेळ संगणक जगतो तो एसएमपीएसमधल्या एका अंगठ्याएवढ्या कपॅसिटरवर, ज्यात ३८० व्होल्टच्या आसपास दाबाने वीज साठवलेली असते. एटीएक्स ही एसएमपीएसची आणि बोर्डाची मापं ठरवणारी नियमावली इंटेलने १९९५ मध्ये आणली. तिच्यानुसार वीज तुटल्यावर एसएमपीएसने भरपूर भार असतानाही साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरायला हवी. साठा तेवढाच आणि भार निम्मा, तर वेळ जवळजवळ दुप्पट. घरातल्या इन्व्हर्टरला मागे एक बटण असतं, ‘यूपीएस मोड’ आणि ‘नॉर्मल मोड’. यूपीएस मोडमध्ये तो दहा-पंधरा मिलिसेकंदांत पालटतो, नॉर्मलमध्ये चाळीसपर्यंत घेऊ शकतो. बहुतेक घरांत हे बटण इन्व्हर्टर बसवला त्या दिवशी ज्या बाजूला होतं त्याच बाजूला आजही असतं. साडेसहाशे वॅटचा सप्लाय, निम्मा भार आणि यूपीएस मोड एवढं जमलं की लाईट गेल्याचं संगणकाला कळतही नाही.

इन्व्हर्टर मात्र शुद्ध साईन वेव्हचा हवा. स्वस्त इन्व्हर्टरची वीज पायऱ्यापायऱ्यांची, चौकोनी असते. पंखा त्यावर घुरघुरत का होईना फिरतो, पण आजच्या एसएमपीएसमधलं पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट अशा लाटेवर गोंधळतं आणि काही वेळा ऐन वेळी बंद पडतं. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी वेगळा यूपीएस घ्यावा, पण डब्यावरचा व्हीए हा आकडा वॅट समजू नये. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, आणि ३३० वॅट संगणकाचे आणि तीस-चाळीस मॉनिटरचे धरले की तो काठावर येतो. हजार व्हीए घेतलेला बरा.

स्टॅबिलायझरची मात्र गरज नाही. ही सवय फ्रिजच्या आणि जुन्या टीव्हीच्या काळातली. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, त्यामुळे या शहराचं आणि टीव्हीचं नातं घरचंच. आणि त्या काळी टीव्हीबरोबर स्टॅबिलायझर आलाच पाहिजे असा दंडक होता. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट कुठल्याही दाबावर चालतो. दिवे मंद झाले म्हणून त्याला काही होत नाही. त्याचा घात होतो जास्तीच्या दाबाने. डीपीवर न्यूट्रल तुटलं तर दोन फेजमधला चारशे व्होल्टचा दाब घराघरांत वाटेल तसा विभागला जातो, आणि ज्या घरात त्या क्षणी कमी उपकरणं चालू असतील तिथे तो अडीचशे-तीनशेच्या पार जातो. दुसरी वेळ वळवाच्या पावसाची. मे-जूनमध्ये विजा कडाडतात तेव्हा तडाखा विजेच्या तारेतून येतोच, पण त्याहून फसवी वाट इंटरनेटच्या वायरची आहे. गच्च्यांवरून ओढत आणलेली तांब्याची लॅन केबल ही आभाळाखाली टांगलेली लांबलचक तारच असते. ढग भरून आले की प्लग काढणारे लोक ती वायर लावलेलीच ठेवतात, आणि सकाळी बोर्डावरचा लॅनपोर्ट गेलेला असतो. घरापर्यंत फायबर आलं असेल तर ही वाट बंद होते, कारण काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

आता अर्थिंग. पीसीच्या कॅबिनेटला मागून हात लावला की मुंग्या आल्यासारखं वाटतं, हा जुन्या शहरातल्या अनेक घरांचा अनुभव आहे. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विद्युत-गोंगाट गाळणारे दोन लहान कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, आणि दोन्हींचा मध्य कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर ती किंचित गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. प्रवाह फारच कमी असल्याने इजा होत नाही. पण यूएसबी किंवा एचडीएमआय जोडताना तेवढ्यानेही पोर्ट बिघडू शकतात. इथे जमिनीचाही भाग आहे. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट. वर मुरूम, कुठे काळ्या मातीचा थर. पावसाळ्यात ओली असलेली ही जमीन एप्रिलमध्ये भेगाळते आणि वीज वाहून नेण्याची तिची क्षमता घटते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतायची पद्धत जुन्या वायरमनांनी उगीच पाडलेली नाही.

उष्णतेकडे परत येऊ, कारण इथे एक खरोखरच थक्क करणारी वस्तू अडीच-तीन हजारांत मिळते. प्रोसेसरवर बसणाऱ्या टॉवर कूलरच्या तांब्याच्या नळ्या भरीव वाटतात. त्या पोकळ असतात. आतली हवा काढून थेंबभर पाणी ठेवलेलं असतं. दाब इतका कमी की हे पाणी शंभराची वाट पाहत नाही, कोमट असतानाच उकळतं. वाफ नळीतून वर पत्र्यांकडे धावते, तिथे उष्णता टाकून पाणी होते, आणि नळीच्या आतल्या भिंतीला चिकटवलेल्या तांब्याच्या भुकटीच्या थरातून, केशाकर्षणाने, पुन्हा खाली झिरपते. मोटर नाही, झडप नाही, झिजणारं काही नाही. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही हीट पाईप विकसित केली, तेव्हा डोळ्यांपुढे अंतराळयानं होती. पाण्याकडून असं बिनबोभाट काम करून घेण्याचं या शहराला अप्रूप वाटू नये. अठराव्या शतकातल्या पाणचक्कीत डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बंद नळांतून आणून उंचावरून पाडलं आहे, आणि तिथल्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ते दालन थंड राहतं.

पंपाने पाणी फिरवणारे लिक्विड कूलर दिसायला देखणे असतात. मध्यम किमतीच्या प्रोसेसरला त्यांची गरज नसते, आणि पंप हा झिजणारा भाग असतो. पाच-सात वर्षांनी तो थांबला की अख्खा कूलर फेकावा लागतो. टॉवर कूलरचा पंखा गेला तर चारपाचशे रुपयांत दुसरा बसतो. शिवाय ज्या शहरात नळाच्या पाण्याची आठवड्याने वाट पाहायची सवय आहे, तिथे प्रोसेसरला आंघोळ घालणं मनालाही बरं वाटत नाही.

कॅबिनेट घेताना समोर काच असलेलं घेऊ नये. समोर जाळी, जाळीमागे दोन मोठे पंखे, मागे एक, आणि धूळ अडवणारी गाळणी काढून धुता येईल अशी. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त असले की आत दाब किंचित वाढतो आणि फटीफटींतून हवा बाहेर पडते, म्हणजे धुळीला गाळणीशिवाय दार उरत नाही. आपल्याकडच्या धुळीत काळ्या मातीची पीठासारखी पूड असते, ती हीटसिंकच्या पत्र्यांत गच्च बसते. दर तीन-चार महिन्यांनी ब्लोअर मारावा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. नाही तर ते भलत्या वेगाने गरगरतं आणि बेअरिंग खराब होतं. खोलीतला वाळ्याचा कूलर हा संगणकाचा मित्रच आहे, कोरड्या हवेत तो खोली आठ-दहा अंशांनी सहज उतरवतो. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार आत जाऊन वाळले की बोर्डावर क्षारांची पांढरी खपली धरते.

एवढं सांभाळलं की झिजण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. उरतं मागे पडणं, आणि त्याचं घड्याळ दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे. मोठे गेम बनवणारे स्टुडिओ आधी कन्सोल नजरेसमोर ठेवतात. प्लेस्टेशन ३ आलं २००६ मध्ये, ४ आलं २०१३ मध्ये, ५ आलं २०२० मध्ये: सात-सात वर्षांची पावलं. प्लेस्टेशन ५ मध्ये आठ कोर, १६ जीबी सामाईक मेमरी आणि वेगवान एसएसडी आहे, म्हणून त्या काळानंतरचे गेम पीसीकडेही साधारण तेवढंच मागतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ यापेक्षा कितीतरी साध्या यंत्रावर चालतो. पण यादी जुळवणारा मुलगा ‘राजी’साठी जुळवत नसतो.

ग्राफिक्स कार्ड किती टिकतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण जीटीएक्स १०६० चं. जुलै २०१६ मध्ये आलेलं हे कार्ड पुढे काही वर्षं जगातलं सर्वाधिक वापरलं जाणारं गेमिंग कार्ड होतं. ते एकाच नावाने ६ जीबी आणि ३ जीबी अशा दोन मेमरींत विकलं गेलं. ज्यांनी पैसे वाचवून ३ जीबीचं घेतलं त्यांची कार्डं कितीतरी आधी अडखळू लागली, कारण पृष्ठभागांची चित्रं मेमरीत मावेनाशी झाली की चिप कितीही जोरदार असो, गेम धक्के खातो. ६ जीबीवाल्यांनी रिझोल्युशन कमी करत वर्षानुवर्षं ओढलं. त्यांचं दार डिसेंबर २०२४ मध्ये दुसऱ्याच कारणाने बंद झालं: ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या गेमने रे ट्रेसिंगची सोय चिपमध्येच असण्याची अट घातली. २०२५ च्या ऑक्टोबरनंतर त्या पिढीला गेमसाठीचे नवे ड्रायव्हरही थांबले. नऊ वर्षं झाली. मधल्या फळीतल्या कार्डाला हे दीर्घायुष्यच म्हणायचं.

आज तोच पेच पुन्हा समोर आहे. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशी मिळतात. १६ चंच घ्यावं, आणि त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आणावा लागला तरी आणावा. कारण प्रोसेसर पुढे बदलता येतो आणि कार्डाची मेमरी वाढवता येत नाही. जुन्या बाजारातल्या स्वस्त कार्डांपासून मात्र जपून राहावं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं तेव्हा दिवसरात्र राबलेली कार्डं चकचकीत पुसून विकायला आली, आणि त्यांतली काही अजून हात बदलत फिरताहेत.

प्रोसेसर बदलता येतो की नाही, हे सॉकेटवर ठरतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर पहिले रायझन मार्च २०१७ मध्ये आले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच सॉकेटसाठी ५८००एक्स३डी आला: चिपवर ६४ एमबीचा कॅशचा आणखी एक थर माळ्यासारखा चढवलेला, एकूण ९६ एमबी. २०१७ चा बोर्ड घेतलेल्या कित्येकांना बायोस अपडेट करून, रॅमही न बदलता तो बसवता आला. इंटेलचे सॉकेट बहुधा दोन-तीन पिढ्यांत बदलतात. एएम४ नंतरचा एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि किमान २०२७ पर्यंत त्यासाठी प्रोसेसर देत राहू असं एएमडीने सांगितलं आहे. आज सहा कोरचा प्रोसेसर घेऊन पाचव्या-सहाव्या वर्षी त्याच जागी आठ कोरचा, कॅशवाला बसवणं हा दहा वर्षांच्या गणितातला सर्वांत स्वस्त डाव आहे.

रॅम १६ जीबीच्या दोन काड्या, सुरुवातीलाच. ‘पुढे वाढवू’ हे डीडीआर५ ला मानवत नाही. चार काड्या लावल्या की वेग उतरतो. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्याने भाव असे भडकले की हा सल्ला देताना हात आखडतो, तरी सल्ला तोच. एसएसडी टीएलसी प्रकारची, एक टीबीची. तिच्यावर साधारण ६०० टीबी लिहिता येतं, आणि रोज ५० जीबी लिहिलं तरी ती तीस वर्षं संपत नाही.

वॉरंटीचे आकडे पाहिले की कंपनीला स्वतःच्या मालाची किती खात्री आहे ते कळतं. चांगल्या एसएमपीएसला सात ते दहा वर्षं, एसएसडीला पाच, बोर्डाला आणि कार्डाला बहुधा तीन. बिल जीएसटीचंच घ्यावं, त्यावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहून घ्यावा आणि फोटो काढून ठेवावा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं दोन उन्हाळ्यांत उडतात.

आणि तो पाचव्या वर्षीचा प्रोसेसर बसवण्याआधी एक काम करावं लागतं. नव्या प्रोसेसरची ओळख बोर्डाला पटावी म्हणून जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करावी लागते. त्या चार-पाच मिनिटांत लाईट गेली आणि यूपीएस नसला तर बोर्ड सुरूच होत नाही. म्हणून हे काम बॅटरी भरलेली असताना, ढग नसलेल्या दिवशी करावं. आणि मुळात बोर्ड घेतानाच त्याच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते पाहावं. ते असलं तर बिघडलेली बायोस पेनड्राइव्हवरून परत लिहिता येते, प्रोसेसर न लावताही.